चोरी सुनेच्या माथी, भूत देवाच्या दारी

गेल्या कार्तिकात कमठाण्याच्या परिसरातील एका देवळाच्या सभामंडपात एका सुनेचा न्याय झाला. न्याय हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहो, कारण तेथे फिर्यादी होता, आरोपी होता, पंच होते आणि निकालही होता. नव्हता तो केवळ पुरावा. ऐंशीच्या घरातील एक वृद्धा कीर्तन संपल्यावर खांबाला टेकून बसली आणि येईल त्याला सांगू लागली की सुनेने आपली बोरमाळ चोरली. दोन दिवस आपल्याला अन्नाचा कण दिला नाही. आणि रात्री घरात एक परका पुरुष येऊन बसतो. सुनेला निरोप गेला. भाकऱ्या थापता थापता उठून आलेली ती बाई पदराने पीठ पुशीत उभी राहिली. एक वडीलधारे पंच म्हणाले, “बाई, म्हातारीच्या तोंडून खोटे येईल काय?” सून काही बोलली नाही. तिचे न बोलणे हीच कबुली मानली गेली आणि आठ दिवसांच्या आत बोरमाळ परत करावी असे ठरले. आम्हीही त्या मंडपात होतो. आम्हीही काही बोललो नाही.

दोन महिन्यांनी बोरमाळ सापडली. तुरीच्या डाळीच्या मडक्याच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या चिंधीत नीट गाठ मारून ठेवलेली. ती गाठ म्हातारीच्याच हातची, हे घरातल्या पोरालाही ओळखता आले. मात्र त्यानंतर मंडपात दुसरी सभा भरली नाही. ज्यांनी आरोप ऐकला होता त्यांतील निम्म्यांना बोरमाळ सापडल्याचे आजही ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक आहे ते म्हणतात, “भीतीने आणून ठेवली असेल.” ती सून त्या दिवसानंतर देवळाची पायरी चढलेली नाही. प्रस्तुत लेख लिहिण्यास आम्हांस प्रवृत्त केले ते ह्या एका गोष्टीने.

आमच्या ह्या सीमाभागात तीन भाषा एका ओट्यावर बसतात, आणि वृद्धापकाळच्या बुद्धिभ्रंशाची थट्टा करण्याच्या बाबतीत तिघींचे विलक्षण एकमत आहे. मराठी म्हणते, साठी बुद्धी नाठी. कानडी म्हणते, अरवत्तक्के अरळू-मरळू. दखनी बोलणारा शेजारी हसून म्हणतो, बूढा सठिया गया. शिवाय ‘म्हातारचळ’ हा शब्द आहेच. चाळ, चाळा आणि चळ यांच्या घोटाळ्यात सापडलेल्या ह्या शब्दाने असे सुचविले जाते की म्हातारा जे करतो ते हट्टाने करतो. म्हणी पिढ्यान्पिढ्यांच्या निरीक्षणातून येतात हे खरे. परंतु ह्या म्हणींनी एक मोठा घात केला आहे. जे रोगाचे लक्षण आहे त्यास त्यांनी वयाचा स्वभाव ठरविले. साठीच काय, नव्वदी उलटलेले कित्येक वृद्ध हिशेबाला आणि व्यवहाराला चोख असलेले आपण पाहतो. मग म्हण कोणाच्या बुद्धीविषयी बोलते?

ह्या रोगाला अल्झायमर असे नाव आहे. ते कोणत्या रुग्णावरून पडले ती हकीकत आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी, कारण ती कमठाण्याच्या मंडपातील हकीकतीहून फार निराळी नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे नोव्हेंबर 1901 मध्ये आउगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची गृहिणी मनोरुग्णालयात दाखल झाली. तिच्या बाबतीत घरच्यांच्या प्रथम ध्यानी आले ते विस्मरण नव्हे, तर संशय. नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागला आहे असे तिने घेतले होते. पुढे ती घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली, आणि कोणीतरी आपला जीव घेणार असे ओरडू लागली. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनी तिची टिपणे ठेविली. एप्रिल 1906 मध्ये ती वारली तेव्हा तिचा मेंदू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्यांस दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या बाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत पडलेल्या धाग्यांच्या गुंता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा जमलेल्या विद्वानांस त्यात फारसे स्वारस्य वाटले नाही. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात रोगाला अल्झायमरचे नाव दिले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी ज्या पहिल्या रुग्णावरून हा रोग जगाला कळला, तिच्याच ठिकाणी संशय, लपवालपव आणि भय ही तिन्ही लक्षणे होती. आमच्या पंचांना ती आजही सुनेच्या चारित्र्याची लक्षणे वाटतात!

चोरीचा आळ कसा जन्मतो हे नीट समजून घेतले पाहिजे. ह्या रोगात मेंदूचा जो भाग नव्या आठवणी नोंदवितो तो आरंभीच खचू लागतो. जुन्या आठवणी दीर्घकाळ टिकून राहतात. आज सकाळची मात्र नोंदच होत नाही. वृद्धा बोरमाळ काढते, चोराचिलटाच्या भयाने जपून ठेवते, आणि ठेवल्याची नोंद होत नाही. विसरलेला निरोगी मनुष्य म्हणतो, “मी कोठे ठेविली कोण जाणे.” हिला आपण विसरतो हेच कळत नाही, कारण ते कळण्याची शक्तीही त्याच रोगाने खाल्लेली असते. आता माळ जागेवर नाही, आणि आपण ती हलविलेली नाही अशी तिची खात्री आहे. ह्या दोन विधानांतून तर्काने एकच निष्कर्ष निघतो: कोणीतरी नेली. आणि दिवसभर घरात वावरते कोण? न्हाऊ कोण घालते, लुगडे कोण नेसविते, पेटीला हात कोणाचा लागतो? जी सर्वांत अधिक सेवा करते तिच्यावरच आळ येतो. मुंबईला किंवा पुण्याला राहणारी मुलगी वर्षातून आठ दिवस येते, तिच्यावर कधीच येत नाही. ती मात्र आईचे ऐकून भावजयीला चार शब्द सुनावून परत जाते.

अन्नाचेही तेच. जेवण झाले, परंतु जेवल्याची आठवण उरली नाही, म्हणून “मला उपाशी ठेविले.” परका पुरुष रात्री घरात बसतो, तो बहुधा तिचा स्वतःचा मुलगाच असतो. तिच्या स्मृतीतील मुलगा सोळा वर्षांचा आहे, आणि हा समोरचा पन्नाशीचा टक्कल पडलेला गृहस्थ कोण, हे तिला उमगत नाही. काहींना आपल्याच घरात अदृश्य भाडेकरू राहतो असे वाटते. काहींना नवरा किंवा मुलगा तोतया वाटतो: रूप त्याचे, पण माणूस दुसरा. कपाटाच्या आरशातील म्हातारीशी भांडणाऱ्या म्हाताऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. आरशावर चादर टाकताच भांडण मिटते. ह्या रोगाच्या रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्शाला केव्हा ना केव्हा असे भ्रम होतात. रोगाच्या हे पोटातलेच आहे, त्यास वेगळे कारण शोधावे लागत नाही.

परंतु कारण शोधल्यावाचून आमच्या समाजाला चैन पडत नाही! आणि येथे सुनेची सुटका होते न होते तोच भुताचा प्रवेश होतो.

कोणत्या गोष्टींमुळे भूत सिद्ध होते? एक, दिवेलागणीला म्हातारी बिथरते. तिन्हीसांजेची वेळ, बाहेरच्या बाधेची वेळ. आणखी काय हवे? वस्तुतः सायंकाळी अस्वस्थता वाढणे हे ह्या रोगाचे जगभर आढळणारे लक्षण आहे. दिवसभराचा शीण, मावळता उजेड, लांब पडलेल्या सावल्या आणि झोपेचे बिघडलेले चक्र यांचा तो परिणाम. उंबऱ्याशी येऊन ती “मला घरी जायचे” म्हणते. स्वतःच्या घरात बसून घरी जायचे म्हणणारी बाई बाधित नाही तर काय, असे शेजारीण विचारते. तिला हवे असलेले घर चाळीस कोसांवर नाही, सत्तर वर्षांवर आहे, हे त्या शेजारणीला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट आमच्या सीमाभागाचीच म्हणावी लागेल. चिंचोळीकडच्या कानडी घरातील मुलगी बीदरकडच्या मराठी घरात येते, पन्नास-साठ वर्षे मराठी बोलते, नातवंडांना आजीची कानडी ठाऊकही नसते. पुढे रोगात उशिरा शिकलेली भाषा प्रथम झिजते आणि बालपणीची वर येते. एके दिवशी आजी खडखडीत कानडी बोलू लागते, आईला हाका मारते, कोणा अपरिचित नावांनी सुनांना बोलावते. लगेच निदान होते: अंगात दुसरीच बाई बोलते आहे! अहो, दुसरी बाई कोठली? ती दहा वर्षांची तीच मुलगी आहे. जिच्या माहेरची भाषा सासरी साठ वर्षे कोणी विचारली नाही, तिने ती शेवटी आपणहून काढली तर तिच्यावर लिंबू उतरवून टाकावयाचे?

बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात भानामतीचे नाव काढताच शहाणीसुरती माणसे आवाज खाली आणतात. वस्तू नाहीशा होणे, अन्नात काही आढळणे, अनोळखी कोणी दिसणे, ही भानामतीची म्हणून सांगितली जाणारी चिन्हे आणि स्मृतिभ्रंशाची चिन्हे एकमेकांशी इतकी जुळतात की मांत्रिकाला वेगळे श्रम करावे लागत नाहीत. त्याचे श्रम पुढे सुरू होतात. मिरच्यांची धुरी, वेताचा मार, उपास, दोरीने बांधणे. ऐंशी वर्षांच्या देहाला ही धुरी म्हणजे फुप्फुसाचा दाह आणि तो उपास म्हणजे मृत्यूचे आमंत्रण होय. मग म्हातारी गेली की “बाधा जबर होती” असे म्हणून मांत्रिक आपले शास्त्र शाबूत ठेवतो.

आमचे वाचक देवळाशी जोडलेले आहेत, आम्हीही आहो. म्हणून गाणगापुराविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. भीमा-अमरजेच्या संगमावरील त्या स्थानी दत्तभक्तांची श्रद्धा किती खोल आहे हे आम्ही जाणतो. झरणी नृसिंहाच्या पाण्यातून चालत जाणारे, माणिकनगरास आणि मैलाराच्या खंडोबाला न चुकता जाणारे आमचेच लोक. त्या श्रद्धेला आम्ही हात लावीत नाही. दर्शनाला अवश्य न्यावे. परंतु मध्यान्हीच्या आरतीच्या गर्दीत, ढोल-घंटांच्या कल्लोळात, घुमणाऱ्या आणि किंचाळणाऱ्या बाधितांच्या मध्ये त्या भेदरलेल्या म्हातारीला उभे करणे, आणि ती किंचाळली की “बघा, भूत बोलले” म्हणणे, ह्याला आम्ही भक्ती म्हणणार नाही. गर्दी, गोंगाट आणि अनोळखी जागा यांनी ह्या रोगाचे भय शतपट वाढते. निरोगी मनुष्यही तेथे गांगरतो.

आणि शास्त्राधाराची ज्यांना आवड आहे त्यांनी चरकसंहितेतील उन्मादाचे निदानस्थान उघडावे. भूतोन्मादाचे वर्णन करणारा तोच ग्रंथ तेथे ठामपणे सांगतो की देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस हे आपल्या दोषाने पीडित न झालेल्या मनुष्याला पीडा देत नाहीत. दुःखाचा दोष देवांवर आणि पितरांवर ढकलू नये. त्याच्या पुढे चरक रोग्याच्या कर्माचा आणि प्रज्ञापराधाचा जो मुद्दा मांडतात तो आम्ही ह्या रोगास लावणार नाही. साठ वर्षे चूल फुंकलेल्या बाईचा अपराध तो कसला? तथापि भूत नाकारण्याइतके धैर्य आमच्या आद्य वैद्यांपाशी होते, आणि आम्ही त्यांच्याही मागे चाललो आहो, एवढे तरी मान्य करावे.

कायदाही आहे. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाल्यानंतर. कर्नाटकाने 2017 मध्ये केला. भूत काढण्याच्या निमित्ताने बांधणे, मारणे, धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा आहे. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना कायद्याने हात लावलेला नाही. “हिंदूंच्या देवळांवर घाला” असे म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला नसतो. 2017 च्याच केंद्रीय मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध केले आहे. तमिळनाडूतील एर्वाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा 28 रुग्ण जळून मेले, कारण ते बांधलेले होते. ती जागा दर्ग्याच्या आसऱ्याची, आपली नव्हे, असे म्हणून आमच्यापैकी कोणी सुटकेचा श्वास सोडू नये. दोरी सर्व धर्मांत सारखीच विणली जाते.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: “पूर्वी हे असले रोग नव्हते, एकत्र कुटुंब मोडले, सुना बिघडल्या, म्हणून म्हातारी माणसे भ्रमिष्ट होतात.” पूर्वी माणसे इतकी जगतच नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी ह्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. हा रोग मुख्यतः उतारवयाचा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की साठीपुढील भारतीयांत शंभरांत सात-आठ जणांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यात स्त्रियांचे आणि खेड्यांतील लोकांचे प्रमाण अधिक. सुनांच्या बिघडण्याने हे आकडे होत नाहीत.

आमच्या कोकणीभाषक बंधूंना गोव्याचे उदाहरण जवळचे वाटेल. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे चांगली ठाऊक होती, परंतु त्यांना ती रोगाची वाटत नव्हती. काहींच्या मते ते वयच; आणि काहींच्या मते ते मुलांच्या हेळसांडीचे, प्रेमाच्या अभावाचे फळ. मांडवीच्या काठी असो की कमठाण्याच्या तलावाकाठी, खटला एकच आणि आरोपीही एकच.

एक मात्र खरे, आणि ते लपवून आमचा पक्ष बळकट होणार नाही. वृद्धांचा छळ होतो. दागिने काढून घेणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या सुना आणि मुलगेही आहेत. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या पोटगीचा कायदा उगाच झाला नाही. म्हणून म्हातारीच्या शब्दाला केराची टोपली दाखवा असे आमचे म्हणणे नाही. पहावे. वजन उतरले आहे का, अंगावर वळ आहेत का, अंथरूण स्वच्छ आहे का, तीच तक्रार दर वेळी निराळ्या माणसाविरुद्ध होते का, हरवलेली वस्तू पूर्वी घरातच सापडली आहे का. त्या दिवशी मंडपात जमलेल्या चाळीस माणसांपैकी एकाने जरी तिच्या घरी जाऊन चुलीवरचे भांडे पाहिले असते, तरी पुरे होते. न्याय सभामंडपात करण्याची हौस आणि चौकशीचा आळस, हे दोन्ही आमच्यात एकदमच नांदतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: “रोगाला नाव देऊन काय साधले? औषध तर नाही.” रोग मुळापासून नाहीसा करणारे औषध नाही, हे खरे. स्मृती काही काळ सावरणारी औषधे आहेत. त्यांचा लाभ माफक. तथापि प्रत्येक भ्रम अल्झायमरचाच असतो असे नाही. थायरॉइडची कमतरता, बी-12 जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य यांनीही बुद्धी मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. जी व्यक्ती काल बरी होती आणि आज एकाएकी भलते बोलू लागली, तिला बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियमची घट किंवा नव्या गोळीचा दुष्परिणाम असतो. तिला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे, अमावस्येची वाट पाहता कामा नये. मोतीबिंदूने अंधुक दिसणाऱ्याला दोरीचा साप आणि खुंटीवरच्या अंगरख्याचा माणूस दिसतो. बहिऱ्याला कुजबुज आपल्याचविरुद्ध वाटते. शस्त्रक्रिया आणि श्रवणयंत्र यांनी कित्येकांचे “भूत” उतरले आहे.

वैद्यांनाही आम्ही सोडणार नाही. म्हातारी रात्री ओरडते म्हणताच नीट तपासणी न करता वेडावरची गोळी लिहून देणारे डॉक्टर आमच्या तालुक्यांत दुर्मिळ नाहीत. ह्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्ये नव्या आणि 2008 मध्ये जुन्या औषधांबद्दलही दिला. जीवावर बेतणारे भ्रम असतील तर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांपुरती ती द्यावी लागतात. पण घरात शांतता हवी म्हणून वर्षानुवर्षे चालू ठेवावयाची ती वस्तू नव्हे. मांत्रिकाने दोरीने बांधले आणि डॉक्टराने गोळीने, तर म्हातारीच्या दृष्टीने फरक तो किती?

घरच्यांना शिकविले तर काय होते हेही गोव्यानेच दाखविले. तेथे 81 कुटुंबांत एक प्रयोग झाला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेली, स्थानिक भाषा जाणणारी प्रशिक्षित माणसे घरोघर जात. रोग काय आहे, आळ आला तर काय बोलावे, रात्र कशी काढावी हे सांगत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले. शिकविण्याच्या त्या गोष्टी तरी काय? “चोरली नाही” असा वाद घालू नये. “चला, दोघी मिळून शोधू” म्हणावे. लपविण्याच्या नेहमीच्या जागा ठाऊक करून घ्याव्या. सारख्याच दिसणाऱ्या दोन माळा ठेवाव्या. दिवेलागणीच्या आधीच दिवा लावावा. “घरी जायचे” म्हटल्यास “हेच घर” असे ठणकावू नये. घरी कोण कोण होते ते विचारावे, आणि अंगणात एक फेरी मारून आणावे. आजही घरबसल्या विचारावयाचे असेल तर सरकारचा 14416 हा टेलि-मानस दूरध्वनी क्रमांक आहे, आणि बीदरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय कमठाण्याहून एका बसच्या अंतरावर आहे. गाणगापूर त्याहून कितीतरी दूर पडते.

देवळाने ह्यात काय करावे? आम्ही तर म्हणतो, देवळाहून योग्य जागा दुसरी नाही. ज्यांना नातवाचे नाव आठवत नाही त्यांना आरती शेवटपर्यंत येते. चालीवर बांधलेले शब्द मेंदूत फार उशिरापर्यंत टिकतात. काकड्याच्या वेळी, गर्दी नसताना, अशा आजीला टाळ देऊन बसवावे. ती चुकली तर हसू नये. कीर्तनकारांनी पूर्वरंगात एकदा तरी ह्या रोगाची गोष्ट सांगावी. त्यांच्या मुखातून आलेले लोक ऐकतात, आमच्यासारख्यांच्या लेखांना कोण विचारतो!

आणि ज्या मंडपात आरोप जाहीर झाला त्याच मंडपात, तितक्याच लोकांसमोर, त्या पंचांनी सांगावे की बोरमाळ डाळीच्या मडक्यात सापडली, ती कोणी चोरली नव्हती, आणि आमचे चुकले. आम्ही हे त्यांना समक्ष भेटून सांगितले. ते म्हणाले, “आता जुने उकरून काय मिळणार? लोक विसरले.” लोक विसरले असतील. म्हातारी तर केव्हाच विसरली. परवा तिने सुनेचाच हात धरून आम्हांस सांगितले की ही माझी आई. सून अद्याप विसरलेली नाही. येत्या एकादशीला आम्ही त्या मंडपात उभे राहून आमच्यापुरते तरी बोलणार आहो. पंचांनी त्या वेळी उपस्थित राहावे, अशी त्यांस ह्या लेखाद्वारे जाहीर विनंती आहे.